जुन्या पिकअपचं स्टेअरिंग आवाज करतंय? आधी तीन चाचण्या, मग पाना

जुन्या पिकअपच्या स्टेअरिंगमधून आवाज यायला लागला की नवखा माणूस हमखास एक चूक करतो. आवाज जिथून येतोय असं वाटतं, तिथलाच भाग तो बदलून टाकतो. पिकअपची चेसिस हा लांबलचक लोखंडी सांगाडा असतो. एका टोकाला ठक् झालं की दुसऱ्या टोकाला ऐकू जातं. चाकाजवळचा सैल जॉइंट चालकाच्या पायाखाली वाजतो आणि केबिनमधली रबरी गेटर (स्टेअरिंगचा शाफ्ट पत्र्यातून जातो तिथलं रबरी आवरण) घासली तरी बॉनेटखाली काहीतरी तुटलंय असं वाटतं. मग रोग म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला अशी गत होते. मी स्वतः एका गाडीचा पॉवर स्टेअरिंग पंप असाच बदलला होता. आवाज तसाच राहिला. दोष निघाला स्टेअरिंग ऑइलच्या टाकीकडून पंपाकडे येणाऱ्या रबरी पाइपच्या एका सैल क्लॅम्पमध्ये.

तेव्हा ‘आवाज कुठून येतोय’ हा प्रश्न थोडा वेळ बाजूला ठेवा. आधी ‘आवाज कधी येतोय’ ते शोधा. त्याचं उत्तर मिळालं की अर्धी गाडी संशयातून सुटते.

हात लावण्याआधी

वही-पेन घ्या. आवाज पहिल्यांदा केव्हा आला, थंड इंजिनवर येतो की गरम झाल्यावर, डावीकडे वळताना की उजवीकडे, खड्ड्यात की सपाट रस्त्यावर, हे लिहून काढा. आवाजाला नाव द्यायलाही संकोच करू नका. घूं, चिर्र, खरखर, कर्र, ठक्, कटकट हे सगळे वेगवेगळे आवाज आहेत आणि प्रत्येकाचं कारण बहुतेक वेळा वेगळं असतं. मेकॅनिकला नुसतं ‘आवाज येतो’ सांगण्यापेक्षा ‘थंड असताना पूर्ण वळवलं की चिर्र होतं’ असं सांगितलंत, तर त्याचं निम्मं काम तुम्हीच केलेलं असतं.

मग चाकांचे नट पान्याने घट्ट आहेत का बघा आणि टायरमधली हवा तपासा. हसू नका. सैल नटामुळे वळताना होणारी कटकट अनेकांनी स्टेअरिंगच्या माथी मारली आहे. आणि हवा कमी असली की स्टेअरिंग जड होऊन पंपावर ताण येतो.

गाडीखाली जायचं असेल तर एक नियम कधीच मोडायचा नाही: नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली डोकं घालायचं नाही. जमीन सपाट आणि कठीण हवी, मागच्या चाकांना पुढून-मागून ठोकळे हवेत, हँडब्रेक ओढलेला हवा आणि चेसिसखाली जॅक स्टँड हवेत. इथल्या बऱ्याच तपासण्या चाकं जमिनीवर असतानाच करायच्या आहेत, त्यामुळे जॅकची गरज वाटते तितकी लागत नाही.

पहिली चाचणी: इंजिन बंद

किल्ली फिरवून स्टेअरिंगचं लॉक सोडवा, पण इंजिन चालू करू नका. आता स्टेअरिंग डावीकडे-उजवीकडे वळवा. पॉवर स्टेअरिंग असेल तर ते खूप जड लागेल. थोडं थोडं हलवलं तरी पुरे, जोर लावून टोकापर्यंत नेऊ नका.

आवाज इथेच आला, तर पंप, तो फिरवणारा इंजिनचा पट्टा आणि ऑइल सध्या संशयाबाहेर. दोष यांत्रिक आहे: स्टेअरिंग कॉलम (स्टेअरिंगच्या चाकामागची दांडी), शाफ्ट, स्टेअरिंग बॉक्स, दांडे किंवा पुढच्या सस्पेन्शनचे जॉइंट. गुळगुळीत फरशीवर मात्र टायरच कुईं करून ओरडतात. शंका आली तर टायरखाली पुठ्ठा सरकवून पुन्हा वळवून बघा.

दुसरी चाचणी: इंजिन चालू, गाडी उभी

आता इंजिन चालू करा, न्यूट्रलमध्ये ठेवा आणि हळू वळवा. पहिल्या चाचणीत गप्प असलेली गाडी इथे बोलायला लागली, तर पट्टा, पंप, ऑइल आणि होज पाइप तपासायचे. स्टेअरिंग सरळ ठेवून ॲक्सिलरेटर हलका दाबा. आवाज इंजिनच्या वेगाबरोबर चढला-उतरला, तर तो पट्ट्याने फिरणाऱ्या कशाचा तरी आहे. मग तो पंपच असेल असं मात्र नाही. बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर, पाण्याचा पंप आणि पट्टा ताणून धरणाऱ्या टेन्शनरचं बेअरिंगही त्याच पंक्तीत बसलेली असतात.

तिसरी चाचणी: चालती गाडी

मोकळ्या मैदानात, चालण्याच्या वेगाने, आधी डावीकडे गोल आणि मग उजवीकडे गोल चालवा. खिडक्या उघड्या, रेडिओ बंद. आवाज चाकाच्या फेऱ्याबरोबर येतोय का ते ऐका. वेग वाढवल्यावर कट-कट-कट जलद झाली, तर कारण फिरणाऱ्या भागात आहे: बेअरिंग, ॲक्सल, ब्रेक. वेगाशी संबंध नसून फक्त स्टेअरिंग फिरवण्याच्या क्षणी आवाज आला, तर कारण वळणाऱ्या भागात आहे.

या तीन चाचण्यांना पंधरा-वीस मिनिटं लागतात. त्यांच्याआधी काही खोलायला पाना हातात घेऊ नका.

घूं… : ऑइल, हवा आणि पंप

वळवताना घूं असा रडका आवाज, टोकाला नेल्यावर तो आणखी जोरात, आणि सकाळी थंड गाडीत जास्त: ही जुन्या हायड्रॉलिक, म्हणजे ऑइलच्या दाबावर चालणाऱ्या स्टेअरिंगची सगळ्यात ओळखीची तक्रार. पंपाला पुरेसं ऑइल मिळत नाही किंवा ऑइलमध्ये हवा मिसळली आहे, असा तिचा अर्थ असतो. पंप खराब असण्याची शक्यता त्यानंतर येते.

स्टेअरिंग ऑइलच्या टाकीचं झाकण उघडा. झाकणाच्या दांडीवर किंवा टाकीच्या अंगावर बहुधा थंड आणि गरम अशा दोन खुणा असतात. इंजिन थंड असेल तर थंडची खूण बघा. पातळी कमी असेल तर ऑइल घाला, पण ते गेलं कुठे हेही शोधा. ही बंद प्रणाली आहे, यातलं ऑइल आपोआप संपत नाही.

ऑइलचा रंगही बघा. काळपट आणि जळका वास येणारं ऑइल बदलायला झालंय. फेसाळ आणि दुधाळ दिसलं तर त्यात हवा आहे. कोणतं ऑइल घालायचं ते झाकणावर किंवा गाडीच्या पुस्तिकेत लिहिलेलं असतं. अनेक जुन्या गाड्यांना ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑइल चालतं, काहींना वेगळंच लागतं. अंदाजाने मिसळू नका. आणि चुकूनही ब्रेक ऑइल घालू नका; त्याने सील फुगतात आणि मग बदलायच्या भागांची यादी लांबतच जाते.

पातळी बरोबर असूनही फेस येत असेल, तर हवा कुठून शिरते ते बघायचं. टाकीतून पंपाकडे येणारा पाइप ऑइल ओढून घेणारा असतो. तो जुना होऊन कडक झाला किंवा क्लॅम्प सैल पडला, की तिथून ऑइल गळत नाही, उलट हवा आत ओढली जाते. त्यामुळे जमिनीवर एक थेंब नसताना पंप रडत राहतो. माझा पंप वाया गेला तो इथेच. क्लॅम्प घट्ट करा, पाइप दाबून बघा. भेगा दिसल्या किंवा तो लाकडासारखा कडक लागला तर बदला. काही गाड्यांच्या टाकीच्या तळाशी बारीक जाळी असते. ती गाळाने बुजली तरी पंप उपाशीच राहतो.

दाबाच्या बाजूचा पाइप मात्र वेगळ्या स्वभावाचा आहे. स्टेअरिंग टोकाला नेल्यावर त्यातला दाब 70 ते 100 बारच्या घरात जाऊ शकतो, म्हणजे टायरमधल्या हवेच्या वीस-तीस पट. इंजिन चालू असताना गळती हाताने चाचपू नका. बारीक छिद्रातून येणारी धार कातडीत शिरते. पुठ्ठा धरून बघा, किंवा इंजिन बंद करून पुसा आणि नंतर ओल कुठे येते ते पाहा. हा पाइप चेसिसला किंवा पत्र्याला टेकला असेल, तर पंपाची नेहमीची गुणगुण केबिनमध्ये ढोलासारखी घुमते. त्याची पकड-पट्टी जागेवर बसवली की आवाज जातो आणि खर्च शून्य.

हवा काढायची पद्धत सोपी आहे, फक्त घाई करायची नाही. पुढची दोन्ही चाकं उचलून जॅक स्टँडवर ठेवा. इंजिन बंदच ठेवा. टाकी खुणेपर्यंत भरा आणि झाकण उघडं ठेवून स्टेअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अगदी सावकाश पंधरा-वीस वेळा फिरवा. टाकीत बुडबुडे येतील, पातळी उतरेल, तसं ऑइल घालत राहा. बुडबुडे थांबले की इंजिन चालू करून पुन्हा हळू फिरवा, टोकाला दाबून न धरता. फेस आला तर इंजिन बंद करा आणि तासभर थांबा. फेस बसल्याशिवाय पुढे गेलात तर तीच हवा पुन्हा घुसळली जाते.

हे सगळं करूनही घरघर राहिली, तर लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक पंपाच्या अंगाला आणि मूठ कानाजवळ धरून ऐका. बाह्या वर, गळ्यात काही लोंबतं नको आणि फिरणाऱ्या पट्ट्यापासून हात लांब. शेजारच्या अल्टरनेटरलाही तसंच ऐका आणि तुलना करा. पंपाच्या आत खडे भरडल्यासारखं वाजत असेल, तर आता पंपाला दोष द्यायला हरकत नाही.

चिर्र : पट्टा

स्टेअरिंग टोकाला नेल्यावर किंवा थंड इंजिन चालू करताच चिर्र असा कान फाडणारा आवाज येतो, तो बहुधा पट्टा घसरल्याचा. पट्टा अनेक बारीक खाचांचा असेल, तर इंजिन चालू असताना लांबूनच त्याच्या खाचांच्या बाजूवर थोडं पाणी फवारा. आवाज थोडा वेळ थांबला, तर पट्टा आणि पुली एका रेषेत नाहीत. आवाज वाढला, तर ताण कमी आहे आणि पट्टा घसरतोय. पट्ट्यावर ‘आवाज बंद करणारा’ चिकट स्प्रे मारू नका. आवाज चार दिवस झाकला जातो आणि नंतर पुली चिकट होऊन बसते.

सूं… : बहुधा काहीच नाही

उभ्या गाडीत स्टेअरिंग अगदी टोकाला नेलं की सूं किंवा फुस्स होतं. दाब सोडणारा व्हॉल्व्ह उघडून ऑइल परत फिरवतोय, एवढाच त्याचा अर्थ. टोकाला पाच सेकंदांपेक्षा जास्त दाबून धरू नका म्हणजे झालं. नाहीतर ऑइल तापतं.

खरखर : केबिनमधला कॉलम

आवाज हातातच येतोय असं वाटत असेल, प्रत्येक फेऱ्यात ठरावीक जागी खर्र होत असेल, तर कॉलमचं प्लास्टिक आवरण स्टेअरिंगच्या चाकाच्या मागच्या बाजूला घासतंय का बघा. जुन्या गाड्यांत त्याचा एखादा स्क्रू हरवलेला असतोच. पायांजवळ शाफ्ट पत्र्यातून बाहेर जातो, तिथली रबरी गेटर कोरडी पडली तरी ती कुरकुरते. तिथे सिलिकॉन स्प्रे मारा. रबरावर खनिज तेल किंवा ग्रीस नको, रबर फुगतं.

एअरबॅग असलेल्या गाडीत स्टेअरिंगच्या चाकाच्या मागे तारांची गुंडाळी असते आणि तीही खरखरते. ती उघडणं नवख्याचं काम नाही. एअरबॅगशी खेळ नको, ते काम जाणकाराकडेच जाऊ दे.

कॉलम आणि स्टेअरिंग बॉक्सला जोडणाऱ्या मधल्या शाफ्टवर छोटा क्रॉस-जॉइंट किंवा रबरी चकती असते. मदतनीसाला स्टेअरिंग थोडंसं डावं-उजवं हलवायला सांगा आणि शाफ्टवर हात ठेवा. वरचा भाग हलला आणि खालचा क्षणभर थांबून मग हलला, की चोर सापडला. खडबडीत रस्त्यावर हातात जाणवणारी खटखट बऱ्याचदा इथलीच असते.

ठक् : इथे वेळ द्या

सगळ्यात गंभीर हाच आवाज, म्हणून इथे घाई करू नका. आधी तुमच्या गाडीत कोणती रचना आहे ते ओळखा. पुढून खाली वाकून बघा. चालकाच्या बाजूला चेसिसला बोल्टने लावलेला लोखंडी डबा आणि त्यातून खाली लोंबणारा हात दिसला, तर तो स्टेअरिंग बॉक्स आणि त्याचा पिटमन आर्म, ज्याला बरेच मेकॅनिक ड्रॉप आर्म म्हणतात. आडवी लांब नळी आणि दोन्ही टोकांना रबरी भाता दिसला, तर ती रॅक.

चाकं जमिनीवरच राहू द्या. मदतनीस स्टेअरिंगवर. त्याला सांगा, घड्याळातल्या अकरा ते एक, एवढंच पटापट डावं-उजवं हलव. इंजिन बंद असताना जमत नसेल तर चालू ठेवा, पण मग तुम्ही चाकांच्या आणि पट्ट्याच्या वाटेत नको. आता बॉक्सपासून चाकापर्यंत एकेका जॉइंटवर हात ठेवत जा. कानापेक्षा हात खरं सांगतो. सैल जॉइंटवर बोटांखाली टक् लागतं आणि एक भाग हलल्यावर दुसरा उशिरा हलताना दिसतो.

क्रमही ठरवून घ्या. पहिल्यांदा बॉक्सचे चेसिसवरचे बोल्ट. बॉक्सच हलत असेल तर बोल्ट सैल आहेत किंवा बोल्टांभोवती चेसिसला तडा गेला आहे. माती खरवडून, तारेच्या ब्रशने साफ करून बघा. चिखलाखाली तडा लपतो. मग पिटमन आर्म, मग त्याला जोडलेला दांडा, पलीकडे आधार देणारा आयडलर आर्म असेल तर तो, आणि शेवटी दोन्ही बाजूंचे टाय रॉड एंड, म्हणजे चाकाकडे जाणाऱ्या दांड्यांच्या टोकांचे जॉइंट. नटांमधल्या खिळी (नट सुटू न देणाऱ्या पिना) जागेवर आहेत का तेही बघा. रॅक असेल तर रबरी भाता मुठीत धरून आतला जॉइंट चाचपा. भात्यात ऑइल साचलं असेल तर रॅकचं सील गेलं आहे.

इथे काही सापडलं नाही, तर चाक उचला. हात घड्याळातल्या नऊ आणि तीनवर ठेवून हलवा: खेळ जाणवला तर टाय रॉडचा संशय. मग बारा आणि सहावर: खेळ असेल तर बॉल जॉइंट किंवा किंगपिन (चाक ज्यावर वळतं ते सांधे) किंवा चाकाचं बेअरिंग. यातला फरक कळायला मदतनीसाला ब्रेक दाबून धरायला सांगा आणि पुन्हा हलवा. ब्रेक दाबल्यावर खेळ नाहीसा झाला तर बेअरिंग, राहिला तर बॉल जॉइंट किंवा किंगपिन. स्प्रिंग किंवा टॉर्शन बार (पिळाने स्प्रिंगचं काम करणारा दांडा) सस्पेन्शनच्या खालच्या आर्मवर जोर देत असेल, तर जॅक त्या आर्मखाली, चाकाच्या जवळ लावा. चेसिसखाली लावलात तर स्प्रिंगच्या ताणाने जॉइंट घट्ट धरला जातो आणि झिजलेला असूनही शहाण्यासारखा वागतो.

एक मोह टाळा. स्टेअरिंग बॉक्सच्या डोक्यावर ॲडजस्टमेंटचा स्क्रू असतो आणि ‘जरा आवळून टाक’ असा सल्ला कोणीतरी देतंच. बाकी सगळे जॉइंट घट्ट आहेत याची खात्री झाल्याशिवाय त्याला हात लावू नका. जास्त आवळला तर वळणानंतर स्टेअरिंग आपोआप सरळ येत नाही आणि आतले दाते लवकर झिजतात.

कर्र… : कोरडे जॉइंट

जुन्या दाराच्या बिजागरीसारखा कर्र आवाज म्हणजे बॉल जॉइंट, किंगपिन किंवा बुश कोरडे पडलेत. जुन्या पिकअपची चांगली गोष्ट म्हणजे बहुतेक जॉइंटना ग्रीस निपल, म्हणजे ग्रीस भरायचं छोटं तोंड असतं. निपल पुसा, ग्रीस गन लावा आणि जुनं काळं ग्रीस बाहेर येऊन नवं दिसेपर्यंत भरा. जॉइंटवर रबराची बंद टोपी असेल तर ती जरा फुगली की थांबा. एका वेळी एकच जॉइंट भरून वळवून बघा, म्हणजे कोण ओरडत होतं ते कळतं. आवाज गेला आणि आठ दिवसांत परत आला, तर जॉइंट झिजला आहे. वळण अगदी टोकाला गेल्यावरच कर्र होत असेल, तर चाकाचं वळण रोखणाऱ्या, ॲक्सलवरच्या अडणीच्या बोल्टाला बोटभर ग्रीस लावा.

चाकाबरोबर फिरणारे आवाज

सरळ रस्त्यावर गुणगुण आणि उजवीकडे वळताना ती वाढत असेल, तर सहसा डाव्या चाकाचं बेअरिंग, कारण वळताना वजन बाहेरच्या चाकावर जातं. डावीकडे वळताना वाढली तर उजवं. सरर-सरर असा पत्र्याचा आवाज म्हणजे ब्रेक डिस्कमागचा पत्रा वाकून घासतोय. हाताने सरळ करा. फोर व्हील ड्राइव्हमध्ये पूर्ण वळणावर कटकट आली तर पुढच्या ॲक्सलचे जॉइंट बघा. पण त्याआधी फोर व्हील चुकून चालू तर नाही ना, ते पाहा. जुन्या पद्धतीची फोर व्हील कोरड्या पक्क्या रस्त्यावर वळताना अडखळते आणि ठकठकते, तो बिघाड नव्हे.

गाडी कधी जागेवरच ठेवायची

बॉल जॉइंट किंवा टाय रॉड एंडमध्ये हाताला स्पष्ट खेळ लागला, चेसिसला बॉक्सजवळ तडा दिसला, खिळ गायब असली, किंवा स्टेअरिंग मध्येच अडकून सुटत असलं, तर गाडी चालवत गॅरेजला नेऊ नका, टो करून न्या. पंप रडत असला, पट्टा चिरकत असला, तर तो रोग दोन दिवस थांबेल. चाकाला धरून ठेवणारा जॉइंट थांबत नाही.

टाय रॉड एंड स्वतः काढलात तर किती फेरे फिरवल्यावर तो सुटला ते वहीत लिहा आणि नवा तितकेच फेरे बसवा. चाकं अंदाजे सरळ राहतात आणि अलाइनमेंट करायला नेईपर्यंत गाडी रस्ता धरते. बदललेल्या नटांवर रंगाची एक रेघ ओढून ठेवा. शंभरेक किलोमीटरनंतर खाली वाकून बघा. रेघ तुटलेली दिसली तर नट हलला आहे, आणि हे आवाज यायच्या आधीच कळतं.